दोन महिन्यांचं बाळ

"वत्सलाताई, तुमचं बाळ मोठं कधी होणार?"

एवढं टाइप करून मी अंगठा तसाच अधांतरी धरला. पल्लवी आणि तबस्सुम दोन्ही बाजूंनी माझ्या खांद्यांवर हनुवट्या टेकून फोनमध्ये डोकावत होत्या.

"दाब की," पल्लवी म्हणाली. "शाळेत माईक हातातून सोडत नाहीस, आणि आता अंगठा हलेना?"

"हलतोय गं. शुद्धलेखन बघतेय."

"तबस्सुम, हिची फाटली बघ."

तर हे सगळं कसं जुळून आलं ते आधी सांगते. आता मी बारावीत आहे, तेव्हा नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. त्या वर्षी मी वक्तृत्वात तालुक्यात पहिली आले होते आणि आपण बोललो की माणसं गप्प बसून ऐकतात, हा शोध मला नवानवा लागला होता. त्यामुळे मी घरात, दारात, किराणा दुकानात, सगळीकडे बोलतच सुटले होते. बाबा म्हणायचे, "शलाका, हे घर आहे, व्यासपीठ नाही."

त्याच उन्हाळ्यात माझी मोठी बहीण हेमांगी, आमची हेमाताई, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. बारसं व्हायचं होतं, तोवर मी तिला ढमी म्हणायला लागले, कारण ढमेपणा तिच्या अंगात औषधालासुद्धा नव्हता. हातापायांच्या नुसत्या काड्या. कातडी इतकी पातळ की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या.

आमच्याकडे बाळंतिणीनं सव्वा महिना खोलीबाहेर यायचं नाही. कानाला स्कार्फ, पायात मोजे, खिडकीला जाड चादर, आणि फोन तर मुळीच नाही, डोळे अधू होतात म्हणे. आईनं ताईचा फोन काढून घेतला आणि सांभाळायला माझ्याकडे दिला. पण ताईला त्या फोनची फार गरज होती. ढमीला नीट ओढता येत नव्हतं. ताईच्या छातीला चिरा पडल्या होत्या, पाजताना ती उशीचा कोपरा दातात धरायची. ढमी दोन घोट घेऊन दमायची, झोपायची, परत रडायची. मग ताई मला हळूच प्रश्न सांगायची, मी ते तिच्या नावानं टेलिग्रामच्या एका ग्रुपवर टाकायचे आणि उत्तरं तिला वाचून दाखवायचे.

ग्रुपचं नाव 'पान्हा'. सगळ्या पाजणाऱ्या आया. कुणी जालन्याची, कुणी शारजाची. नावं मात्र सगळ्यांची मुलांवरून: विहानची आई, जुळ्यांची मम्मी, आमच्या परीची आई. दिवसाच्या कुठल्याही वेळी विचारा, कुणीतरी पाजत बसलेली असायचीच आणि एका हातानं उत्तर द्यायची. नियम एकच होता. मेसेजच्या शेवटी बाळाचं वय लिहायचं. चार दिवसांच्या बाळाला एक सल्ला, चार महिन्यांच्या बाळाला दुसरा, म्हणून.

यातली सगळ्यात आधी आणि सगळ्यात शांतपणे उत्तर देणारी बाई म्हणजे वत्सलाताई. ती कधी लिहायची, कधी बोलून पाठवायची. बोलताना आवाज असा दबका, जणू मांडीवरचं बाळ आत्ताच झोपलंय. आणि प्रत्येक मेसेजखाली: बाळ दोन महिने.

त्या दुपारी आम्ही तिघी कॉलनीच्या बंद पडलेल्या क्लबात, बॅडमिंटन कोर्टवर फतकल मारून बसलो होतो. तबस्सुमला कशातही मागे मागे जायची खोड आहे. ती ग्रुपचे जुने मेसेज वर वर सरकवत बसली होती.

"शलाका," ती म्हणाली, "हे बघ. होळीला वत्सलाताईचं बाळ दोन महिन्यांचं."

"असेल."

"संक्रांतीलाही दोन महिन्यांचं. आणि हे दिवाळीचं बघ. कंदिलाचा फोटो टाकलाय कुणीतरी, त्याच्याखाली वत्सलाताई. बाळ दोन महिने."

आम्ही तिघी एकमेकींकडे बघून आधी हसलो. मग पल्लवीला पैज सुचली. "विचार तिला. खरी वक्तृत्वाची चॅम्पियन असशील तर सगळ्या ग्रुपसमोर विचार."

मी अंगठा दाबला.

थोड्याच वेळात धरणावरचा भोंगा वाजला. आमची कॉलनी धरणाचीच. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा होतो, तुटक तुटक, तीनदा, म्हणजे खाली पात्रात उतरलेली माणसंगुरं वर येतात. तिसरा भोंगा लांबतो आणि शेवटी घसा बसल्यासारखा खर्जात जातो. यंत्र जुनं आहे. आम्हाला त्याची इतकी सवय की तो आम्ही ऐकलासुद्धा नाही.

ग्रुपवर एरवी क्षणभर शांतता नसते. माझ्या प्रश्नानंतर कुणीही काही लिहिलं नाही. विहानच्या आईचं नाव वर आलं, ती लिहितेय असं दिसलं, आणि पुसलं गेलं. जुळ्यांची मम्मी आली, गेली. भरल्या वर्गात बाई शिरल्या की होतं, तसं झालं.

मग वत्सलाताईचा आवाज आला. तबस्सुमनं फोनचा आवाज मोठा केला.

आधी शब्द नव्हतेच. पंख्याची घरघर, आणि एक तान्हं बाळ दूध पीत होतं. गटक. गटक. एक बारीक उचकी. मग समाधानाचा उसासा. त्यानंतर दबक्या आवाजात: "हेमांगी, आज मुलीनं शू किती वेळा केली ते सांगितलं नाहीस गं."

एवढंच. प्रश्नाबद्दल अवाक्षर नाही. पण बोलणं संपता संपता मागे दुरून काहीतरी वाजलं. तुटक तुटक. तीनदा. तिसरा लांबला आणि शेवटी त्याचा घसा बसला.

पल्लवीनं माझा दंड धरला. "आपला भोंगा आहे हा."

"असे भोंगे सगळीकडे असतात."

"घसा बसलेले?"

तबस्सुम उठून उभी राहिली आणि क्लबाच्या जाळीच्या खिडकीतून बाहेर बघायला लागली. बाहेर रिकामी क्वार्टर्स पसरली होती. धरण बांधून झालं तशी माणसं बदलून गेली, घरं राहिली. लोकांनी आधी खिडक्या काढून नेल्या, मग दारं, मग छपराचे पत्रे. भर उन्हात ती घरं अशी दिसायची, जणू तोंड उघडं टाकून कुणी झोपलंय.

"आपल्या कॉलनीत," तबस्सुम सावकाश म्हणाली, "ढमी सोडून दुसरं तान्हं बाळ कुणाकडे आहे?"

कुणाकडेच नव्हतं. पल्लवीला अचानक आठवलं की तिला आजीच्या गोळ्या आणायच्यात. पैज जिंकूनसुद्धा माझ्याबरोबर कुणी थांबलं नाही.

*

घरी आले तर आई दवाखान्यातून नुकतीच परतली होती. ढमी तिच्या पदरात गुंडाळलेली. बाबा जेवायला घरी आले होते, पण ताटावर हात धरून बसले होते.

"परत वजन कमी भरलं," आई म्हणाली. "सिस्टर म्हणाल्या, दोन दिवस बघा. नाहीतर तालुक्याला दाखल करावं लागेल. सलाईन लावतील."

"एवढ्याशा हाताला?" बाबा म्हणाले.

"डोक्याला लावतात म्हणे."

आतून ताईचा आवाज आला, "आई, आण तिला इकडे. पाजून बघते."

"बघतेस म्हणजे काय गं? इतके दिवस बघतेच आहेस ना. अंगावर नसेलच तुझ्या. तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता, आमच्याकडे सगळ्यांना धो धो असतं म्हणाल्या."

ताई रडतेय हे मला भिंतीतून कळलं. आई दुष्ट नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. तीच घाबरली होती, म्हणून ती जोरात बोलत होती.

मी ढमीला घेऊन आत गेले. चादर लावलेली खिडकी, ओव्याच्या धुरीचा वास, आणि कॉटवर ताई. ताईनं हात पुढे केला, बाळासाठी नव्हे, आधी फोनसाठी. आमची युक्ती ठरलेली होती. स्कार्फच्या आत इअरफोनची वायर सरकवायची. बाहेरून पाहणाऱ्याला वाटायचं, बाळंतीण कान बांधून गुपचूप पडलीय.

"वत्सलाताई काही बोलल्या का?"

"शू विचारली."

"सकाळपासून एकदाच. आणि पिवळीजर्द. सांग त्यांना." ती डोळे मिटून म्हणाली, "शलाका, कधी कधी वाटतं, ती बाई ह्याच खोलीत बसलीय. त्या कोपऱ्यात. तिचा आवाज आला की माझं अंग सैल पडतं."

मी कोपऱ्याकडे बघितलं नाही.

इअरफोनची वायर कशात तरी अडकून निसटली आणि वत्सलाताईचा आवाज एकदम खोलीत मोकळा झाला. गटक. गटक. ढमी माझ्या हातावर मलूल पडली होती. तिनं मान वळवली. फोनकडे. तोंड उघडून चोची मारल्यासारखं केलं, हवेतच.

"बघ," ताई म्हणाली. "रोज असं करते. त्या बाळाचा आवाज आला की हिला भूक लागते. पण किती गुणी बाळ गं ते. कधी रडत नाही. नुसतं पीत असतं."

ताईचं हे वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मी फोन घेऊन स्वयंपाकघराच्या मागे, धुण्याच्या दगडाशी गेले आणि वत्सलाताईचे जुने आवाज एकामागून एक लावले. कालचा. परवाचा. होळीचा. गटक, गटक, बारीक उचकी, उसासा. गटक, गटक, बारीक उचकी, उसासा. शब्द दरवेळी वेगळे, आणि बाळ दरवेळी तेच. घोट तेवढेच. उचकी त्याच जागी.

ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता, आणि माझ्या दंडावर काटा आला होता.

मी ताईच्या नावानं शू लिहिली. वजन लिहिलं. तालुक्याचं लिहिलं. बायकांची उत्तरं भराभर यायला लागली, असं धर, तसं धर, पोटाला पोट लागू दे, आधी दूध थोडं काढून मऊ कर. वत्सलाताईनं लिहिलं: "लिहून होणार नाही आता. बाळ पकडतं कसं ते डोळ्यांनी बघायला पाहिजे. कुणी जवळचं जाणतं माणूस आहे का? बाळ दोन महिने."

मी तिला वेगळा, एकटीला दिसेल असा मेसेज केला. "तुम्हीच या ना. तुम्ही इथेच आहात. मी भोंगा ऐकला."

मग उत्तर आलं.

"तू हेमांगी नाहीस."

"मी तिची बहीण. शलाका. तुम्ही कुठल्या क्वार्टरमध्ये राहता?"

"मी बाळंतिणीच्या खोलीत येत नसते. बाळ दोन महिने."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपून सगळे आडवे झाल्यावर, मी निघाले. पल्लवी येणार नव्हतीच. तबस्सुम कोपऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "मी इथे उभी राहते. तू ओरडलीस तर मी अम्मीला बोलावते." मी म्हटलं, मला ओरडता छान येतं.

धरणाच्या भिंतीकडे जाणाऱ्या ओळीत आता गेट चालवणाऱ्या माणसांची दोन-तीन घरंच उरली होती. मधली सगळी ओस. सप्तपर्णीच्या सावलीत एक कुत्रं झोपलं होतं, ते मला बघून भुंकलं नाही, नुसतं उठून निघून गेलं. मी मनातल्या मनात स्वतःशी भाषण करत चालले होते. अध्यक्ष महोदय, भूत ही संकल्पना.

तेवढ्यात तो आवाज ऐकू आला.

फोन माझ्या खिशात होता, बंद. आवाज पुढून येत होता. गटक. गटक. उचकी.

ओळीच्या टोकाला एक क्वार्टर होतं, दारंखिडक्या शाबूत असलेलं. व्हरांड्यात आइस्क्रीमवाल्यांकडे असतो तसला मोठा पांढरा फ्रीझर घरघरत होता. दार ढकललेलं. मी खिडकीच्या गजांना तोंड लावून आत बघितलं.

एक बाई जमिनीवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाठ माझ्याकडे. खांदे हळूहळू हलत होते, पाजताना आया झुलतात तसे. बाळ पीत होतं, घोट स्पष्ट ऐकू येत होते. उसासा झाला. आणि बाई जराशी वळली तेव्हा मला तिची मांडी दिसली.

मांडीवर कुणी नव्हतं. एक फोन होता. त्यातून ते बाळ पीत होतं.

मी ओरडले नाही. ओरडायचं विसरले, हे खरं.

"चप्पल बाहेर काढून आत ये," ती मागे न बघता म्हणाली. "खिडकीत उभी राहू नकोस, उजेड अडतो."

तो दबका आवाज. माझे पाय कसे आत गेले मला माहीत नाही. तिनं पदर सारखा केला, हातातला दूध काढायचा छोटा पंप आणि दुधाची बाटली स्टुलावर ठेवली, आणि वळली. मी तिला ओळखत होते. त्या सुलभाकाकू होत्या. गेट ऑपरेटर सोनवणेकाकांच्या. पूर्वी कॉलनीत सगळीकडे असायच्या, मोठमोठ्यानं हसायच्या. हल्ली त्या रस्त्यानं दिसल्या की आई माझं मनगट धरून पलीकडच्या बाजूला घ्यायची, काही न बोलता. त्यांच्या बाळाचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे.

"तुम्ही वत्सलाताई?"

"बस." त्यांनी बाटलीला झाकण लावलं. "वत्सला माझं नाव नाही. मुलीचं. सासूबाईंचं ठेवलं होतं. ग्रुपवर सगळ्या मुलांच्याच नावानं असतात, तेव्हा मीही तेच लिहिलं. 'ची आई' पुढे लावायचं होतं, ते राहून गेलं."

"आणि ती..."

"गणपतीत गेली. झोपेत. संध्याकाळी पाजून ठेवली, उठवायला गेले तर गार. डॉक्टर म्हणाले, होतं कधी कधी, कारण सापडत नाही." त्या हे बाजारभाव सांगितल्यासारखं सांगत होत्या. "दोन महिन्यांची होती. तिचं वय काय लिहू मग पुढे? तू सांग."

तालुक्यात पहिली आलेली मी बाटलीचं झाकण बघत बसले.

"ग्रुपवरच्या जुन्या बायांना ठाऊक आहे. म्हणून कुणी विचारत नाही. काल विचारलंस तेव्हा बिचाऱ्या घाबरल्या."

"मला मैत्रिणींनी पैज लावली होती."

"बरं केलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं." त्या उठल्या, बाटली घेऊन व्हरांड्यात गेल्या, फ्रीझरचं झाकण उघडलं. थंड वाफ बाहेर आली. आत ओळीनं छोट्या छोट्या बाटल्या, पांढऱ्या, प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. "मूल गेलं तरी दुधाला कळत नाही. येतच राहिलं. सगळ्या म्हणाल्या, छाती बांधून घे, गोळी घे, आटेल. शारजाच्या एका बाईनं ग्रुपवर लिहिलं, नाशकाला दुधाची बँक आहे, कमी दिवसांची बाळं असतात ना, काचेच्या पेटीतली, त्यांना देतात. मग आधी तपासणी केली आणि आता आमचे हे मोटरसायकलवर बर्फाच्या डब्यातून नेऊन देतात. तिचा हा एवढाच आवाज राहिलाय. तिला पहिल्यांदा नीट पिता आलं त्या दिवशी यांनी भरून घेतला होता, ग्रुपला ऐकवायला. हा लावला की पान्हा फुटतो. नाही लावला तर कोरडं."

"पण ग्रुपवर बोलतानासुद्धा तो मागे असतो."

"बोलते तेव्हा काढतच असते की. दोन्ही कामं होतात." त्यांनी झाकण मिटलं. "तिलाही ओढता येत नव्हतं, तुमच्या बाळासारखंच. जीभ मागे घ्यायची. या बायांनीच शिकवलं मला, एकेक करून. खूप रडले होते मी तेव्हा."

"मग चला ना. ढमीला बघा. उद्या परवा तिला तालुक्याला नेणार आहेत. डोक्याला सुई लावणार आहेत."

"नाही."

"का?"

"तुझ्या आईला विचार."

"आईचं राहू द्या. तुम्ही का येत नाही?"

त्या पायरीवर बसल्या. समोर ऊन इतकं पांढरं होतं की रस्ता दिसत नव्हता. "माझं डोहाळजेवण तुझ्या आईनं केलं. तुमच्याच अंगणात झोपाळा बांधला होता, तू मोगरा ओवत बसली होतीस, आठवतं? वत्सला गेल्यावर महिन्याभरात त्या मोरेंच्या सुनेला बघायला मी गेले. बाळ घेतलं मांडीवर. त्याच आठवड्यात त्याला कावीळ निघाली. बरं झालं नंतर, सगळ्या बाळांना होते तशीच होती. पण मला परत कुणी बोलावलं नाही. आणि..." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आणि मीही गेले नाही. मनात येतं, खरंच असलं तर? माझ्या मांडीलाच काही असलं तर? लांबून सांगते ते बरं. फोनमधून काही लागत नाही."

मला राग आला. कुणाचा ते कळेना, पण बोलायला राग पुरतो.

"काकू, तुम्ही लांब कुठे आहात? तुम्ही रोज आमच्या खोलीत असता. ताईच्या स्कार्फच्या आत, कानात. तुमचा आवाज आला की ती सैल पडते. वत्सलाचा आवाज आला की ढमी मान वळवते, तोंड उघडते. तुमच्यात काही लागण्यासारखं असतं तर केव्हाच लागलं असतं. उलट ती तुमच्याच आवाजावर टिकून आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मान वळवते?"

"रोज. ताईला विचारा."

"वत्सलाच्या आवाजाला?"

"हो."

आतल्या खोलीत फोन अजून चालू होता. गटक. गटक. आम्ही दोघी ऐकत राहिलो. उचकी झाली. उसासा झाला. मग काकू आत गेल्या आणि तो आवाज बंद झाला. त्या घरात एवढी शांतता पसरली की फ्रीझरसुद्धा थांबलाय असं वाटलं.

"आज शू किती वेळा केली?" त्यांनी आतूनच विचारलं.

"मी निघेपर्यंत एकदाही नाही."

नळ सुटल्याचा आवाज आला. त्या साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होत्या.

*

तबस्सुम कोपऱ्यावर उभीच होती. माझ्यामागून सुलभाकाकू येताना बघून तिनं ओढणी नीट केली आणि "सलाम आंटी" म्हणाली. तिच्यासमोरून आम्ही कॉलनीच्या मधल्या रस्त्यानं निघालो. दोन घरांचे पडदे हलले. मोरेंच्या दारात कुणीतरी उभं होतं ते आत गेलं. काकू माझ्या सावलीत पाय ठेवत असल्यासारख्या, मागे मागे चालत होत्या. आमच्या फाटकाशी येऊन त्या थांबल्या.

दार उघडंच होतं. आई ओट्यावर बसून लसूण सोलत होती, बाबा ऑफिसला परत निघायला पायात बूट घालत होते. आईनं वर बघितलं. हातातली पाकळी खाली पडली.

आतून काहीही आवाज येत नव्हता. रडण्याचासुद्धा नाही. रडत नाही हेच वाईट, हे मला ग्रुपनं शिकवलं होतं.

"सुलभा," आई म्हणाली. मग माझ्याकडे, अगदी गोड आवाजात, "शलाका, त्यांना पाणी दे हं. इथेच, ओट्यावर. ऊन फार आहे."

"पाणी नको वहिनी," काकू फाटकाबाहेरूनच म्हणाल्या, त्याच दबक्या आवाजात. "मी इथूनच सांगते. हेमांगीला म्हणावं, बाळाचं नाक आणि..."

आत कॉट करकरली. आणि ताईचा आवाज आला, कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता इतका मोठा. "वत्सलाताई? वत्सलाताई आल्यात का?"

"कोण वत्सला?" बाबांनी आईला विचारलं.

आईनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा काकूंकडे, आणि मग तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला, कारण वत्सला हे नाव तिला आठवलं. काकूंच्या बाळाला पाळण्यात घालताना तिनंही ते ऐकलं असणार. ती उठून दारात उभी राहिली, दोन्ही हात चौकटीला. रागानं नाही. पूर आला की माणसं दार धरून उभी राहतात तशी.

"शलाका, ह्या कोण, तुला काय माहीत? लहान आहेस तू. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटतं, मी का दगड आहे? पण माझी नात आधीच..." ती काकूंकडे वळली. "सुलभा, तू तरी समजून घे गं."

"समजतं मला वहिनी," काकू म्हणाल्या आणि परत जायला वळल्या.

त्यांचं बोलणं आत पोचलं असणार. चादरीमागच्या त्या खोलीतून एक बारीक, चिरका आवाज फुटला. मांजराच्या पिल्लासारखा. मग थांबून पुन्हा, थोडा मोठा. ढमी रडत होती. काल दुपारपासून पहिल्यांदा.

काकूंनी दोन्ही हात छातीशी आवळून धरले. पदराखाली झंपरावर ओल पसरत होती आणि त्यांच्या फोनमधून या वेळी कुठलाच आवाज येत नव्हता.

बाबा एका पायात बूट घालून तसेच उभे होते. आई चौकटीत. मी काकूंचा हात धरला. साबणाचा वास येत होता त्याला, आणि तो गार होता, आमच्यापैकी कुणाहीपेक्षा जास्त घाबरलेला. मी त्यांना घेऊन ओट्याच्या पायऱ्या चढले आणि आईच्या अगदी समोर उभी राहिले. भाषण करायचा आवाज मी वापरलाच नाही. गरज पडली नाही.

"आई, बाबा, माझं ठरलंय," मी म्हणाले. "काकू आत येणार आहेत आणि ढमीला मांडीवर घेणार आहेत. तुम्हाला ते बघवणार नसेल, तर तुम्ही दोघं थोडा वेळ फाटकाबाहेर थांबा."